थंडीत पहाटे जुनी डिझेल गाडी सुरू होत नाही? पार्ट बदलायच्या आधी एवढं तपासा

डिसेंबर लागला की आपल्या बेळगाव-खानापूर भागात पहाटेचा गारठा चांगलाच जाणवतो, जांबोटी-कणकुंबीकडं तर अजून जास्त, आणि मग गल्लीगल्लीत जुन्या डिझेल गाड्यांचे सेल्फ रडायला लागतात. इंडिका, सुमो, क्वालिस, जुन्या महिंद्रा जीपा, या गाड्या आपल्याकडं अजून रोजच्या कामाला आहेत, कुणाची भाजी घेऊन पहाटे मार्केटला जाते, कुणाची दुधाला, कुणाची शाळेच्या पोरांना, त्यामुळं गाडी सुरू झाली नाही की अख्खा दिवस बिघडतो. ज्यांनी नुकतीच अशी सेकंडहँड गाडी घेतलीय आणि डिझेल इंजिनाची फारशी माहिती नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय, घरच्या अंगणात एक मल्टीमीटर, एक टेस्ट बल्ब आणि दोन-चार पाने घेऊन करता येईल असं.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, आपल्याकडची थंडी एवढी नाही की चांगलं डिझेल इंजिन सुरूच होऊ नये. "डिझेल गोठलं" असं खूप जण म्हणतात, पण डिझेलसाठी आयएस १४६० हे भारतीय मानक आहे आणि त्यात हिवाळ्याच्या डिझेलचा पोअर पॉइंट, म्हणजे ज्याच्या खाली डिझेल वाहायचं थांबतं ते तापमान, जास्तीत जास्त ३ अंश आणि थंडीत फिल्टर तुंबायची मर्यादा ६ अंश धरलीय. आपल्याकडं पारा दहा-बारापर्यंत उतरला की लोकांच्या डोक्यावरची कानटोपी उतरत नाही, पण डिझेलला तिथंही अजून वाव आहे. खरोखर डिझेल गोठतं ते लडाखसारख्या ठिकाणी, तिथं इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ अंशाचं वेगळं हिवाळी डिझेल काढलं. निपाणीत भरा नाहीतर कागलला जाऊन भरा, मानक दोन्हीकडं तेच. फक्त उन्हाळ्याच्या डिझेलला ही मर्यादा बरीच सैल असते, पोअर पॉइंट १५ आणि फिल्टरची मर्यादा १८ अंश, त्यामुळं शेतावर कॅनमध्ये उन्हाळ्यापासून साठवलेलं डिझेल जानेवारीत तसंच ओतू नका, टाकीत ताजं डिझेल भरपूर असताना थोडं थोडं मिसळून संपवा.

मग गाडी अडते कशानं? तर आधीपासून असलेली कमतरता थंडीत उघडी पडते. आपल्या भागात ही कमतरता बऱ्याच वेळा पावसाळ्यात तयार होते, चार महिने पाण्या-चिखलातून गाडी फिरते, अर्थिंगची पट्टी (बॅटरीचं निगेटिव्ह इंजिनला जोडणारी) गंजते, डिझेलच्या लोखंडी पाइपला बारीक छिद्र पडतं, टाकीत पाणी साठतं, पण गणपती-दसऱ्यापर्यंत हवा उबदार असते म्हणून गाडी कशीबशी सुरू होत राहते. भातकापणी झाली की शेतातले उंदीर शेडमध्ये येतात आणि वायर नाहीतर रबरी पाइप कुरतडतात, हेसुद्धा बघायला विसरू नका.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा जोरात दाबतो, दाबल्यानं हवा तापते, सायकलला हवा भरताना पंपाची नळी गरम होते तसंच, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की पेटतं. इंडिका, जुनी सुमो, क्वालिस, प्यूजो इंजिनाच्या जीपा यांच्यात हवा वीस-बावीस पट दाबली जाते, पण डिझेल आधी एका छोट्या चेंबरमध्ये पेटतं आणि थंड इंजिनात त्या चेंबरच्या भिंती बरीच उष्णता पिऊन टाकतात, म्हणून या गाड्यांना तो चेंबर विजेवर तापवणारे हीटर प्लग लागतातच. डिझेल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या काही जुन्या इंजिनांना हीटर प्लग नसतात, त्यामुळं आपल्या गाडीला आहेत का ते आधी मॅन्युअलमध्ये बघून घ्या. म्हणजे पाहिजे काय, इंजिन जोरात फिरलं पाहिजे, आत गरमी पाहिजे, डिझेल हवेशिवाय पोचलं पाहिजे आणि कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टननं दाबलेल्या हवेचा दाब, पुरेसा पाहिजे. याच क्रमानं तपासायचं, कारण हाच स्वस्तापासून महागापर्यंतचा क्रम आहे. बरेच जण उलटं करतात, पहिल्याच दिवशी इंजिनवरचा डिझेल पंप काढून लॅबला पाठवतात, हजारो रुपये जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी तशीच.

हात लावायच्या आधी नुसतं बघा आणि ऐका

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, शाल-मफलर काढून ठेवलेला, शेडचं दार उघडं. घरच्या कुणाला तरी सेल्फ मारायला बसवा आणि तुम्ही मागं सायलेन्सरजवळ उभे राहा. सेल्फ नुसता टक्क करून थांबतोय किंवा जड जड फिरतोय तर बॅटरी, अर्थिंग, सेल्फ मोटर यांच्याकडं बघायचं. सेल्फ मस्त जोरात फिरतोय पण सायलेन्सरमधून धूर म्हणून अजिबात नाही, तर डिझेल फवारणाऱ्या नोझलपर्यंत ते पोचतच नाही. जोरात फिरतोय, पांढरा धूर येतोय आणि त्याला कच्च्या डिझेलचा डोळ्यात झोंबणारा वास आहे, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही, मग संशय हीटरवर, नाहीतर कॉम्प्रेशनवर किंवा पंपाच्या टायमिंगवर (पंप डिझेल कुठल्या क्षणी सोडतो त्यावर). आणि गाडी पटकन सुरू होऊन दोन-चार सेकंदात बंद पडते, मग लै वेळ सेल्फ मारल्यावर कुठं परत धरते, तर जवळपास नक्की डिझेल लाइन एअर घेतीय, म्हणजे पाइपात हवा शिरतीय. एवढ्या निरीक्षणानंच निम्मं काम होतं, कागदावर लिहून ठेवा.

अजून एक फुकटची टेस्ट. रात्री गाडी उतारावर लावता येत असेल तर एक दिवस तोंड वर करून लावा आणि दुसऱ्या दिवशी तोंड खाली करून. बहुतेक गाड्यांत टाकी मागं असते, त्यामुळं तोंड वर असलं की डिझेल रात्रभर टाकीकडं परत जातं आणि सकाळी गाडी त्रास देते, तोंड खाली असलं की बिनबोभाट सुरू होते. असा फरक दिसला तर समजा एअर लीक आहे. तसंच टाकी फुल असताना गाडी चांगली आणि रिझर्व्हला आली की त्रास, हे पण त्याच रोगाचं लक्षण.

बॅटरी आणि अर्थिंग

सकाळी दार उघडायच्या, लाइट लावायच्या आधी मल्टीमीटर बॅटरीला लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे फुल, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या आसपास आली की बॅटरी जवळपास बसलीच. आता सेल्फ मारताना आकडा बघा, ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी कमजोर नाहीतर सेल्फ जास्त करंट खातोय. गाडी सुरू झाल्यावर १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे, नाहीतर अल्टरनेटर चार्ज करत नाही आणि नवी बॅटरी घालूनसुद्धा आठवड्याभरात परत तेच. डिझेल गाडीला त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा मोठी बॅटरी लागते, सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकानं पैसे वाचवायला छोटी बसवलीय का ते पण बघा.

अर्थिंगकडं कुणी बघत नाही म्हणून ते मुद्दाम सांगतो. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला, दुसरं इंजिनच्या रंग नसलेल्या उघड्या लोखंडाला धरा आणि सेल्फ मारायला सांगा. ०.२-०.३ व्होल्ट ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंगची पट्टी खराब. मीटर नसेल तर जंपर केबल बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनला लावा, सेल्फ एकदम जोरात फिरायला लागला तर दोषी सापडला. पट्टी बाहेरून चांगली दिसते पण बोल्टखाली हिरवा-पांढरा गंज धरलेला असतो, काढून कानशीनं नाहीतर पॉलिश पेपरनं लोखंड चमकेपर्यंत घासा, परत आवळा, वर थोडं ग्रीस लावा. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा चुना धरला असेल तर गरम पाणी आणि खायचा सोडा. हे सगळं ठीक असून सेल्फ जड फिरत असेल तर सेल्फचे ब्रश-बुश बघायला द्या, आणि इंजिन ऑइल कुठलं घातलंय ते पण विचारा, २०डब्ल्यू-५० सारखं जाड ऑइल थंडीत इंजिन जड करतं, मॅन्युअलमध्ये १५डब्ल्यू-४० लिहिलं असेल तर तेच घाला.

हीटर प्लग

चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा कॉईलचा दिवा लागतो आणि विझतो, म्हणून हीटर चांगले आहेत असं समजू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो दिवा नुसता टायमरवर चालतो, चारही हीटर जळाले असले तरी दिवा आपला लागणार आणि विझणार. खरं बघायचं तर आतला छताचा दिवा लावून चावी फिरवा. हीटर चालू झाले की ते भरपूर करंट ओढतात, सुरुवातीला एकेक दहा-पंधरा अँपियरपर्यंत, त्यामुळं छताचा दिवा स्पष्ट मंद होतो आणि बॉनेटखाली रिले (हीटरला करंट जोडणारा स्विच) टक्क वाजतो. दिवा जराही हलला नाही तर हीटरला करंट जातच नाही किंवा सगळे मेलेत.

आता बॉनेट उघडा. हीटर इंजिनच्या हेडमध्ये ओळीनं बसवलेले असतात आणि त्यांच्या डोक्यावरून एक पट्टी नाहीतर वायर जाते. टेस्ट बल्बची क्लिप बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, टोक पट्टीला टेकवा, चावी फिरवायला सांगा. बल्ब लागला नाही तर दोष मागं आहे, रिले, पट्टी फ्यूज किंवा तुटकी वायर, हीटर विकत आणायची गरजच नाही. बल्ब लागला तर चावी बंद करून पट्टीचे छोटे नट काढा, हळू, नट खाली पडला की शोधता शोधता दुपार होते. पट्टी बाजूला झाली की प्रत्येक हीटर वेगळा तपासता येतो, मल्टीमीटर ओहमवर ठेवून एक टोक हीटरच्या डोक्याला, दुसरं इंजिनला. एक ओहमच्या आसपास आलं तर कॉईल शाबूत, टोकं मोकळी असताना मीटर दाखवतं तेच दाखवलं तर जळाला. मीटर नसेल तर टेस्ट बल्बची क्लिप आता बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा आणि टोक हीटरच्या डोक्याला, बल्ब लागला तर चांगला, नाही लागला तर गेला.

चारातला एक गेला तर आपल्या थंडीत गाडी बहुतेक सुरू होते पण मिनिटभर थरथरते आणि पांढरा धूर सोडते, दोन गेले की त्रास सुरू. अगदी जुन्या काही गाड्यांत हीटर एकामागोमाग एक जोडलेले असायचे, तिथं एक गेला की सगळे बंद.

कॉईल शाबूत असली तरी हीटर कमजोर असू शकतो, ते काढून बघितल्याशिवाय कळत नाही. काढायचा तर इंजिन कोमट असताना, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून, आणि अडकला तर जोर लावू नका, हेडमध्ये तुटला तर हेड उतरवायची वेळ येते. काढलेला हीटर व्हाइसमध्ये धरा, हातात अजिबात नाही, बॉडीला निगेटिव्ह आणि डोक्याला जाड वायरनं पॉझिटिव्ह द्या. चांगल्या हीटरचं टोक आधी तांबूस होतं, मग बघता बघता नारिंगी होऊन वर पसरत जातं, साधारण दहा सेकंदात. टोक काळंच आणि मधला भाग लाल झाला तर तो हीटर गेल्यात जमा. पण हे फक्त जुन्या १२ व्होल्टच्या हीटरवर करा, काही नव्या गाड्यांचे हीटर कमी व्होल्टचे असतात, थेट बॅटरीवर जळून जातील. आणि टोक वितळलेलं, फुगलेलं किंवा झिजलेलं दिसलं तर त्या सिलिंडरचा नोझल नीट फवारत नाही, धार सोडतोय, नुसता हीटर बदललात तर नवा पण काही दिवसांत तसाच होणार.

एअर कुठून येते

माझ्या मते जुन्या डिझेल गाडीत सकाळच्या त्रासाचं हे सगळ्यात जास्त चुकीचं निदान होणारं कारण. टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं, म्हणजे त्या पाइपात बाहेरच्यापेक्षा दाब कमी असतो, त्यामुळं बारीक फट असली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून जॉइंट कोरडा ठणठणीत दिसतो आणि मेस्त्री म्हणतो लीक नाही. रात्रभर त्या फटीतून हवा शिरते, पाइपातलं डिझेल टाकीकडं उतरतं, सकाळी पंपाला हवा मिळते.

तपासायचं असं. सकाळी सेल्फ मारायच्या आधी फिल्टरवरचा हातपंप मारा. पंप आधी पोकळ लागेल, मग हळूहळू कडक होईल. कडक झाल्यावर सेल्फ मारला आणि गाडी लगेच धरली तर एअर नक्की, हीटरकडं जायचं कारण नाही. आता फट शोधायची. फिल्टर आणि पंपाच्या मधला पाइप काढून तिथं डिझेलला चालणारा पारदर्शक पाइप क्लिपा लावून घाला, गाडी सुरू करा आणि त्या पाइपाकडं बघत राहा. पाइप बदलल्यामुळं सुरुवातीला बुडबुडे येणारच, पण चार-पाच मिनिटांनीसुद्धा मोत्याएवढे बुडबुडे एकामागोमाग पंपाकडं सरकताना दिसले, रेस केल्यावर वाढले, तर फिल्टर किंवा त्याच्या मागं कुठंतरी हवा शिरतीय. आता फिल्टरच्या आधी तसाच पाइप घाला. तिथं बुडबुडे नाहीत आणि नंतर आहेत तर फिल्टरचं रबर, हातपंपाचं डायफ्राम किंवा बँजो बोल्टचे (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर. तिथंही आहेत तर टाकीकडचा पाइप, बहुतेक वेळा जिथं लोखंडी पाइप चेसिसच्या क्लिपेखाली चिखलात दबलेला असतो तिथं, नाहीतर रबरी पाइप कडक होऊन तडकलेला. तांब्याचे वायसर प्रत्येक वेळी उघडल्यावर नवीनच घाला, चार रुपयांची वस्तू आहे.

नोझलच्या डोक्यावरून जाणाऱ्या बारीक कापडी वेष्टणाच्या रिटर्न पाइपा बघायला विसरू नका. इंजिनच्या गरमीनं त्या वाळतात, बोटानं वाकवल्या की भेगा दिसतात, आणि शेवटच्या नोझलवरची रबरी टोपी बऱ्याचदा फाटलेली असते. दुकानात मीटरच्या मापानं मिळतात, पानासुद्धा लागत नाही, पहिल्यांदा त्याच बदलल्या तरी चालेल.

धूरच येत नसेल तर आधी पंपावरचा स्टॉप सोलेनॉइड, म्हणजे डिझेल चालू-बंद करणारी विजेची झडप बघा, चावी ऑन केली की तो टक्क वाजला पाहिजे. वाजत नाही आणि वायरला १२ व्होल्ट येतायत तर सोलेनॉइड गेला, व्होल्टच येत नाहीत तर वायर-फ्यूज. जुन्या जीपांना ओढायची स्टॉप केबल असते, ती गंजून अर्ध्यात अडकते, पंपावरचा लिव्हर पूर्ण मागं येतोय का हातानं बघा. आणि फिल्टरखालचा पाण्याचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या, पाणी असेल तर तळाशी वेगळं बसलेलं स्पष्ट दिसेल. पावसाळा संपल्यावर हे सगळ्यांनी करावं, गाडी त्रास देत नसली तरी.

एवढं झाल्यावर मग कॉम्प्रेशन

बॅटरी, हीटर, डिझेल तिन्ही ठीक आणि तरी पांढरा धूर सोडून गाडी घेत नाही, पण एकदा गरम झाली की दिवसभर उत्तम, तर कॉम्प्रेशन तपासायला द्या. आधी टॅपेट सेटिंग (वॉल्व्ह दाबणाऱ्या भागातली फट बरोबर करणं) करून घ्या, टॅपेट घट्ट झाले की वॉल्व्ह पूर्ण बसत नाहीत आणि कॉम्प्रेशन निसटतं, कमी खर्चात काम होऊन जाईल. मग हीटरच्या भोकात डिझेलचा गेज लावून प्रत्येक सिलिंडर मोजायचा, या जुन्या इंजिनांत ४०० पीएसआयच्या आसपास किंवा वर आलं तर चांगलं, ३०० च्या खाली गेलं किंवा एकच सिलिंडर बाकीच्यांपेक्षा खूप कमी असला तर इंजिनचं काम आलं. पंप आणि नोझल लॅबला द्यायची वेळ याच्यानंतर. मेस्त्रीकडं जाताना नुसतं "गाडी सुरू होईना" म्हणू नका, "अण्णा, सेल्फ जोरात फिरतोय, चारही हीटर एक ओहम दाखवतायत, हातपंप कडक आहे, तरी पांढरा धूर" असं सांगा, मग तुमच्या खिशातले पैसे अंदाजात जाणार नाहीत.

गाडी कॉमन रेलची असेल, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या पाइपातून डिझेल मिळणारी, २००७ नंतरची स्विफ्ट डिझेल वगैरे, तर बॅटरी, हीटर आणि फिल्टरपर्यंतच घरी बघा. त्या लाइनमध्ये हजार बारच्या वर दाब असतो, पाइपाचा नट सैल करून एअर काढायची जुनी सवय तिथं लावली तर डिझेलची धार कातडी फोडून आत जाते, बोट कापायची वेळ येते. स्कॅनर असलेल्या ठिकाणीच न्या.

दुरुस्ती होईपर्यंत रोज सकाळी

इंजिनखाली कापडाचा बोळा पेटवून तापवायचा प्रकार काही लोक अजून करतात, तेलकट इंजिनला आग लागायला वेळ लागत नाही, ते करू नका. हवेच्या पाइपात पेट्रोल किंवा स्टार्टिंग स्प्रे मारणं त्याहून वाईट, लाल झालेल्या हीटरवर ते अवेळी भडकतं आणि पिस्टन नाहीतर रिंगा फुटतात. धक्का स्टार्टसुद्धा टायमिंग बेल्टच्या गाडीला टाळा, जुना बेल्ट दात सोडतो आणि वॉल्व्ह वाकतात.

त्यापेक्षा लाइट, फॅन, टेप सगळं बंद ठेवा, हातपंप कडक होईपर्यंत मारा, चावी हीटरवर ठेवून दिवा विझू द्या, चावी बंद करा, परत एकदा हीटर द्या. मग क्लच पूर्ण दाबून सेल्फ मारा, म्हणजे गिअरबॉक्समधलं जाड ऑइल फिरवायचा भार सेल्फवर येत नाही. एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारायचा नाही, नाही धरली तर मिनिटभर थांबून परत हीटर देऊन मारा. धरली की लगेच रेस करू नका, ऑइल वर चढायला अर्धा मिनिट द्या आणि पहिले दोन किलोमीटर हळू न्या.